सुन्न अंगठा आणि नव्वद पौंडांची दोरी : अशक्त हातासाठी क्रॉसबो निवडतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे आणि रविवारी सकाळी हिंगणा रोडकडच्या एका छोट्या मैदानावर धनुर्विद्या शिकवायला मदत करते. या दोन कामांची गाठ ज्या माणसामुळे पडली, त्याचं हे प्रकरण आहे. त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मैदानावर सगळे त्यांना 'भाऊ' म्हणतात, इथेही तेच म्हणते.

भाऊ छत्तिशीचे. मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मार्चपासून कूलरच्या मोटारींची रांग लागते, तेव्हा जेवायलाही फुरसत नसते. २०२१ च्या पावसाळ्यात बुटीबोरीहून परत येताना बाइक घसरली आणि ते डाव्या खांद्यावर पडले. खांदा एकीकडे, मान दुसरीकडे. मानेतून हातात उतरणाऱ्या नसांचं जे जाळं असतं, ब्रेकियल प्लेक्सस, त्याच्या वरच्या दोन मुळांना इजा झाली. जबडाही मोडला, तिथे प्लेट आहे.

या इजेत एक फसवी गोष्ट असते. वरची मुळं, म्हणजे सी-५ आणि सी-६, खांदा उचलणाऱ्या आणि कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना चालवतात. पंजाचं बरंचसं काम खालच्या मुळांकडे असतं. त्यामुळे भाऊंनी डाव्या हाताने हात मिळवला तर पकड चांगली घट्ट लागते आणि समोरच्याला वाटतं, याला काय झालंय? पण तोच हात खांद्यापासून बाजूला उचलायला सांगा, उचलत नाही.

तुटलेली नस परत वाढते तीही दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. ऑपरेशन झालं, शेजारच्या धडधाकट नसेचा एक धागा बायसेप्सला जोडला गेला, आणि जवळपास दोन वर्षांच्या व्यायामानंतर कोपर वाकू लागलं. स्नायूंची ताकद आम्ही शून्य ते पाच अशी मोजतो. तीन म्हणजे स्वतःचं वजन गुरुत्वाविरुद्ध उचलता येणं. भाऊंचं कोपर तीनच्या थोडं वर होतं, खांदा दोनवर अडकला होता. चहाचा कप तोंडापर्यंत यायचा, पण कोपर टेबलावर टेकवूनच.

मग आला ऑगस्ट २०२३. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने बर्लिनला कम्पाउंडच्या, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्याच्या, अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मारले आणि जागतिक अजिंक्यपद आणलं. त्या आठवड्यात मैदानावर चौकशीला येणाऱ्यांत भाऊही होते. डावा हात पॅंटच्या खिशात अडकवून उभे. तो हात लटकता राहिला की खांदा दुखतो, म्हणून त्यांची ती सवय.

अडचण

उजव्या हाताने काम करणारा माणूस धनुष्य डाव्या हातात धरतो आणि उजव्याने दोरी ओढतो. भाऊंचा डावा हात धनुष्याचं वजनच पेलू शकत नव्हता. उलटं करावं, उजव्यात धनुष्य आणि डाव्याने दोरी, तर डाव्यात ओढायची ताकद नाही. पहिल्या रविवारी त्यांनी प्रयत्न केला आणि धनुष्य परत दिलं. काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी फोन घेऊन आले. स्क्रीनवर क्रॉसबो, म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं, बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य. "ताई, मले हेच पायजे. दोरी एकदा अडकवली का मंग हात लागतच नाही याले. फक्त घोडा दाबाचा."

बाहेरगावच्या एका विक्रेत्याशी त्यांचं बोलणंही झालं होतं. त्याने १७५ पौंडांचा कम्पाउंड क्रॉसबो सुचवला होता, सोबत मोठी दुर्बीण. हाताची ताकद लागत नाही, जितके पौंड जास्त तितकं चांगलं, असं त्याचं सांगणं.

हे अर्धं खरं आहे. म्हणूनच जास्त घातक आहे. क्रॉसबोमध्ये ताणलेली दोरी ट्रिगरच्या आकड्यावर थांबते, माणसाला ती धरून ठेवावी लागत नाही, इथवर ठीक. पण ती दोरी तिथपर्यंत कोणीतरी न्यावीच लागते. १७५ पौंड म्हणजे दोरी ओढायला ७९ किलोचा जोर. त्यानंतर तीनेक किलोचं, पुढे जड असलेलं यंत्र उचलून निशाण्यावर स्थिर ठेवावं लागतं. आणि बाण गोणीत, फोममध्ये रुतला की तो उपसून काढावा लागतो. म्हणजे ओढणं, पेलणं, सोडणं आणि उपसणं ही चार कामं झाली. क्रॉसबो त्यातलं फक्त सोडणं सोपं करतो. बाकीची तीन तो दुसरीकडे सरकवतो.

भाऊंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मंग सरकवून कुठं ठेवाची ते आपण ठरवू ना?" मोटर वाइंडिंगवाल्याचा प्रश्न होता तो, आणि पुढचे दोन महिने आम्ही तेच ठरवत बसलो.

विचारात घेतलेले पर्याय

सगळ्यात आधी क्रॉसबो सोडून असलेले मार्ग पाहिले, कारण एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटलं. पॅरालिम्पिकच्या धनुर्विद्येत क्रॉसबो नाही. तिथे कप्प्या नसलेलं रिकर्व्ह आणि कम्पाउंड धनुष्यच चालतं. पुढे स्पर्धेत उतरायची इच्छा असेल तर क्रॉसबोवर घालवलेली वर्षं त्या वाटेवर मोजली जाणार नाहीत. शीतल देवीला दोन्ही हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते आणि खांद्याच्या आधाराने दोरी ओढते, आणि पुढे २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत मिश्र सांघिक कांस्य घेऊन आली. वाट आहे, हे त्यांना दाखवणं माझं काम होतं.

त्या वाटेचे दोन प्रकार आम्ही खरोखर तपासले. एकात धनुष्य चांगल्या हातात धरायचं, दोरीला लावलेला चामड्याचा तुकडा दातांत पकडायचा आणि धनुष्य पुढे ढकलायचं. एका हाताने नेम मारणारे कितीतरी खेळाडू असंच करतात. भाऊंच्या दंतवैद्यांनी जबड्यातली प्लेट पाहून साफ नाही म्हटलं. दुसऱ्यात खांद्याला पट्टा बांधून त्याला दोरी सोडायचं यंत्र लावतात. पण उजव्या हातात धनुष्य असेल तर तो पट्टा डाव्या खांद्यावर येणार. ३० पौंडांचं हलकं कम्पाउंड धरलं तरी ओढीच्या शिखरावर साडेतेरा किलोचा ताण. पुढे कप्प्यांमुळे तो पाव भागावर येतो हे खरं, पण शिखर ओलांडावं तर लागतंच. ज्या खांद्याचे स्नायू सांध्याला धरूनच ठेवत नाहीत, हाड खोबणीतून खाली सरकलेलं आहे, त्याला मी असा झटका देणार नाही. हा पर्याय मी नाकारला. भाऊंनी नाही, मी नाकारला. त्यांना स्पर्धेची ओढ असती तर आम्ही या निर्णयावर आणखी कोणाचं मत घेतलं असतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: "मेडल नको ताई. रविवारी सकाळी दोन घंटे दुकानाच्या बाहेर काही तरी पायजे." म्हणून क्रॉसबोकडे वळलो.

विक्रेत्याने सुचवलेला १७५ पौंडांचा पहिल्याच बैठकीत बाद झाला, आणि कारण दोरीचं नव्हतं. आमच्या मैदानावर लक्ष्य १८ मीटरवर असतं. तिथे इतक्या जोराचा बाण फोममध्ये अर्ध्याहून जास्त घुसतो. तो काढताना एका हाताने फोम दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बाण पिरगाळत ओढायचा असतो. भाऊंना दर फेरीला कोणाला तरी हाक मारावी लागली असती. दर वेळी दुसऱ्याची वाट बघायला लावणारं साधन किती रविवार टिकेल? विक्रेत्याला हा प्रश्न सुचणं शक्य नाही. त्याने लक्ष्यातून बाण काढणारा एका हाताचा माणूस पाहिलेला नसतो.

छोटा पिस्तुलासारखा क्रॉसबो, मागची तरफ मोडून दोरी चढवायचा, दिसायला सोयीचा वाटतो. पण तरफ मोडताना पुढचा भाग दुसऱ्या हातात पक्का धरावा लागतो, आणि तो हात दोरीच्या अगदी जवळ येतो. दहा मीटरच्या स्पर्धेचे खास क्रॉसबो असतात, युरोपात बनणारे, अतिशय सुरेख. त्यांची किंमत ऐकून भाऊ हसले आणि विषय संपला.

उरले दोन: मैदानावरच्या एका ज्येष्ठ सदस्यांकडे असलेला १५० पौंडांचा रिकर्व्ह क्रॉसबो, आणि ९० पौंडांच्या आसपासचा हलका रिकर्व्ह. रिकर्व्ह म्हणजे कप्प्या नसलेला, साध्या पात्यांचा. पसारा रुंद, पण बांधणी सरळ. दोरी खराब झाली तर मैदानावरच बदलता येते. नागपूरसारख्या ठिकाणी, जिथे या यंत्राचा मिस्त्री नाही, मला याचं महत्त्व जास्त वाटलं.

दोरी चढवायच्या साधनांचे दोन प्रकार. एक दोरखंडाचा: दोन आकडे, दोन छोट्या कप्प्या, दोन मुठी. पुढच्या कडीत पाय रोवायचा, वाकायचं आणि दोन्ही हातांनी वर ओढायचं. कप्प्यांमुळे जोर निम्मा होतो. १५० पौंडांचे ७५ होतात, म्हणजे ३४ किलो, प्रत्येक हाताला १७. दुसरा क्रॅंकचा: स्टॉकला, म्हणजे क्रॉसबोच्या दांड्याला, लागणारं गिअरचं हँडल, एका हाताने फिरवायचं. वेळ लागतो, जोर नाही.

चाचणीचे दोन रविवार

पहिल्या रविवारी १५० पौंडांचा दोरखंडाने चढवून पाहिला. हा माझा पहिला चुकीचा निर्णय. सतरा किलो डाव्या हाताने ओढवणार नाही हे मला माहीत होतं, पण भाऊ म्हणाले उजव्याने भार घेतो, आणि मी एकदा बघू म्हटलं. दोरी चढली. पण उजवी बाजू आधी आली, डावी मागून. दोरीवर रेलच्या, म्हणजे बाण ठेवायच्या पट्टीच्या, दोन्ही कडांना मार्करच्या खुणा केल्या होत्या, त्या बघितल्या तर दोरीचा मध्य पाच-सहा मिलिमीटर सरकलेला. दोरी मध्यात नसेल तर एक पातं जास्त ताणतं, एक कमी, आणि बाण वाकडा निघतो. पाच बाण मारले. सगळे एकाच बाजूला, आणि प्रत्येक वेगळ्या अंतरावर. दुर्बिणीचे स्क्रू फिरवून सुटणारी चूक ही नव्हे, हे सगळ्यांना दिसलं. संध्याकाळी डावा खांदा दुखत असल्याचा निरोप आला. दोरखंड बंद.

दुसऱ्या रविवारी तोच क्रॉसबो, पण क्रॅंक लावून. दोरी बरोबर मध्यात बसली. भाऊ खुर्चीवर, समोर टेबल, क्रॉसबोचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर. डावा हात पुढच्या पकडीवर, कोपर टेबलावर टेकलेलं. बाण ठेवला. मी उजव्या बाजूला उभी होते, ट्रिगरवरच्या बोटाकडे आणि खांद्याकडे बघत. सगळं मनासारखं चाललं होतं.

डाव्या बाजूने आमचे सहायक प्रशिक्षक ओरडले, "थांबा!"

भाऊंनी बोट काढलं. मी वाकून पाहिलं. डाव्या हाताचा अंगठा पकडीवरून वर आला होता आणि त्याचं टोक रेलच्या वर, बाणाला चिकटून, दोरीच्या वाटेत आडवं होतं. दोरी सुटली असती तर अंगठा राहिला नसता.

भाऊ स्वतःच्या अंगठ्याकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखे बघत होते. "हा इथं कवा आला?" त्यांना तो तिथे असल्याचं कळलंच नव्हतं.

आणि मला कळायला हवं होतं. सी-६ ची नस अंगठ्याची जाणीव आणते. अपघातानंतर पहिल्या वर्षी, क्लिनिकच्या टेबलावर, मी स्वतः कापूस आणि टाचणीने त्यांचा अंगठा तपासला होता. टाचणी त्यांना बोथट लागायची. फाइलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मैदानावर मी पौंड मोजले, सेकंद मोजले, खांद्याचा कोन मोजला, पण हात अशक्त असण्यासोबत सुन्नही आहे ही गोष्ट क्लिनिकमधून मैदानापर्यंत आणलीच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते इथे लिहिणं मला आवश्यक वाटतं, कारण माझ्यासारखीच माणसं हे वाचतील.

त्याच दिवशी सावलीत बसून तपासणी केली. डोळे मिटायला सांगितले, अंगठ्याचं टोक दोन्ही बाजूंनी धरून हळूच वर-खाली हलवलं आणि विचारलं, वर का खाली? दहापैकी चार वेळा उत्तर चुकलं. जवळपास नाणं उडवण्यासारखं.

निर्णय आणि कृती

इथे पहिला प्रश्न हाच होता, की थांबायचं का? मी भाऊंना थांबू असंच सुचवलं. त्यांच्या पत्नी, वहिनी, त्या दिवशी सोबत होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, "ताई, तो हात पुढं ठेवाच लागते का?"

नाही. ठेवावा लागत नाही. क्रॉसबोचा पुढचा भाग तिकाटण्यावर पक्का बसवला तर डाव्या हाताला पुढे कामच नाही. टेबलावरून मारणारे नेमबाज दुसरा हात मागे, दस्त्याच्या म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या खाली ठेवतात. आम्ही आमच्या नेहमीच्या उभ्या पद्धतीत इतके अडकलो होतो की हात पुढे हवा हे गृहीतच धरलं. वहिनींच्या प्रश्नाने सगळी मांडणी फिरली.

९० पौंडांचा हलका रिकर्व्ह निवडला. वजन अडीच किलोच्या आसपास. पकड रेलच्या बरीच खाली, आणि दोन्ही बाजूंना बोटं वर येऊ नयेत म्हणून आडवे पंख, तरीही त्या पकडीला डावा हात लावायचा नाही असा नियम. क्रॅंक निवडताना एकच अट लावली: हँडल मध्येच सोडलं तर जिथल्या तिथे थांबलं पाहिजे, उलटं भिरभिरता कामा नये. काही क्रॅंक हात निसटला की मागे जोरात फिरतात आणि मनगटावर बसतात. उजवा हात हा भाऊंचा एकमेव पूर्ण हात, त्याला इजा म्हणजे दुकान बंद.

मग भाऊंनी जे केलं त्याने मला खरंच आनंद झाला. क्रॅंक पायाने कडी दाबून, उभ्याने फिरवायचा असतो असं आम्ही समजत होतो. त्यांनी दोन-तीनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे तर आतल्या आत भांडून राहिलं. क्रॅंक स्टॉकलेच लागला आहे, तोच दोरी ओढते. भार बाहेर येतच नाही, मंग पाय कायले?" बरोबर होतं. दोरखंडात माणूस ओढतो, म्हणून पाय लागतो. क्रॅंकमध्ये ओढणारा आणि ओढला जाणारा एकाच लाकडावर असतात. फक्त हँडल फिरवताना यंत्र हलू नये इतकंच बघायचं. वाइंडिंगच्या ठिय्यासारखा प्लायवूडचा एक साचा त्यांनी दुकानात बनवला, आत जुन्या ट्यूबचं रबर, पुढे कडी अडकवायला एक खुंटी. क्रॉसबो त्यात आडवा, तोंड कायम लक्ष्याकडे. बसल्या जागी, वाकल्याशिवाय, एका हाताने दोरी चढते. सामान तोलायच्या स्प्रिंग काट्याने हँडलवरचा जोर मोजला, चार किलोच्या आतबाहेर.

डावा हात दस्त्याखाली, मुठीत वाळूची छोटी पिशवी. मूठ आवळली की मागचा भाग किंचित वर येतो, सैल केली की खाली. पंजा शाबूत असल्याचा उपयोग इथे झाला.

तरी हात विसरून पुढे जाऊ शकतो. जाणीव नाही तर नजरेने सांभाळावं लागणार. वहिनींनी पर्समधून लाल नेलपॉलिश काढली आणि भाऊंच्या डाव्या अंगठ्याचं नख रंगवलं. आता क्रम असा आहे: दोरी मध्यात आहे का, दोन्ही खुणा बघायच्या. बाण ठेवायचा, त्याची खाच दोरीला टेकली का ते बघायचं. मग मान वळवून खाली लाल नख शोधायचं. ते टेबलावर दिसलं की तोंडाने "लाल" म्हणायचं. शेजारी उभ्या माणसाने तो शब्द ऐकून हो म्हटल्यावरच भाऊंनी सेफ्टी, म्हणजे घोडा अडवून ठेवणारी कळ, सरकवायची. पहिले काही आठवडे दुकानात गिऱ्हाईक ते नख बघून विचारायचे, भाऊ सगळं सांगत बसायचे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. बाणाशिवाय घोडा कधीच दाबायचा नाही, रिकाम्या दोरीचा झटका पाती फोडतो. उत्पादकाने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा हलका बाणही तसाच घातक. चढवलेली दोरी उतरवायची तर एक बोथट जुना बाण लक्ष्यात मारून मोकळी करायची. नवतप्याच्या कडक उन्हाच्या दिवसांत क्रॉसबो गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. सराव सकाळी सहा ते आठ.

मालकीबद्दल: पोलिसांच्या परवाना शाखेत आधी लेखी विचारणा केली, उत्तर आल्यावरच खरेदी केली आणि क्रॉसबो मैदानाच्या कपाटात, कुलपात राहतो. आमचं उत्तर आमच्यापुरतं. दुसऱ्या कोणी हे करायचं ठरवलं तर आपल्या ठिकाणी आपण लेखी विचारावं. भाऊंच्या साळ्यांचं देवलापारकडे शेत आहे, तिथे सरावाला न्यावा असा आग्रह झाला. पेंचचं जंगल तिथे लागूनच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहे. मी नाही म्हटलं, साळे थोडे नाराज झाले, भाऊ माझ्या बाजूने राहिले.

निष्पत्ती

हे लिहिताना अकरा महिने झालेत. १८ मीटरवर, चाळीस सेंटिमीटरच्या कागदावर, बारापैकी दहा बाण पिवळ्यात लागतात. पिवळा भाग आठ सेंटिमीटरचा आहे. तिकाटणं आणि नेम धरायचं लाल ठिपक्याचं साधन असताना हे फार मोठं नाही, हे भाऊंना माहीत आहे, मलाही. एका फेरीला बारा बाण आणि वेळ जवळपास पाऊण तास.

बाण ते स्वतः काढतात. गुडघ्याने फोम दाबायचा, बाणाभोवती रबराचा तुकडा गुंडाळायचा आणि पिरगाळत ओढायचा. टोकापासून हातभर बाणाला आधी कोरडा साबण चोळलेला असतो. ९० पौंडांचा बाण इतका खोल जात नाही. ज्या दिवशी त्यांनी बाराही बाण एकट्याने काढून टेबलावर ओळीत मांडले, त्या दिवशी ते पहिल्यांदा मैदानावर तर्री पोह्यांची पार्टी देतो म्हणाले, आणि दिली.

खांद्याची ताकद या खेळाने वाढलेली नाही. दोनच आहे. मी दर महिन्याला मोजते. दुखणं वाढलेलं नाही, खाली सरकलेलं हाड आणखी सरकलेलं नाही. नसांच्या दुखापतीवर हा उपचार नाही, आणि तसं म्हणून कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. बदललं ते हे, की खिशात अडकलेला हात आता टेबलावर असतो आणि त्याला एक काम आहे.

अंगठा दोन वेळा विसरला. दोन्ही वेळा लाल नख जागेवर दिसलं नाही, "लाल" शब्द आला नाही, सेफ्टी सरकली नाही. दुसऱ्या वेळी हात मांडीवरून घसरून खाली लोंबत होता. धोका नव्हता, पण शब्द न येणं हे नियमाप्रमाणे झालं.

आज वेगळं काय केलं असतं

जाणिवेची तपासणी पहिल्या दिवशी केली असती, धनुष्य हातात देण्याआधी. पाच मिनिटं लागतात. कापूस, टाचणी, आणि डोळे मिटून अंगठा वर का खाली. ताकदीचे आकडे त्यानंतर.

१५० पौंडांची दोरखंडाची चाचणी केलीच नसती. ती करून बघायची गरज नव्हती, उत्तर माझ्याकडे होतं. भाऊंचा उत्साह मोडायला नको म्हणून मी हो म्हटलं आणि खांदा चार दिवस दुखला.

बाण उपसण्याचा विचार यादीत सगळ्यात वर ठेवला असता. आम्ही तो योगायोगाने लवकर केला, कारण त्या दिवशी एका मुलाचा बाण फोममध्ये अडकला होता आणि दोघे मिळून ओढत होते. तो मुलगा नसता तर कदाचित जास्त पौंडांचा क्रॉसबो घेऊन बसलो असतो.

दंतवैद्यांकडे आणखी एकदा जायला हवं होतं का, हा प्रश्न मात्र माझ्या मनात अजून आहे. प्लेट काढून टाकल्यावर वर्षभराने दातांनी ओढायचा मार्ग उघडू शकला असता. भाऊंना तेव्हा मेडल नको होतं. मागच्या महिन्यात त्यांनी सहज विचारलं, पॅरालिम्पिकवाल्यांची निवड कशी होते? मी माहिती दिली आणि जबड्याच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं.

दोन आठवड्यांपूर्वी भाऊंचं ऐकून एक गृहस्थ आले. पासष्टीचे, उजव्या मेंदूचा पक्षाघात होऊन गेलेला, डावा हात अशक्त. भाऊंनी मोठ्या उमेदीने त्यांना साचा दाखवला, स्वतःचं लाल नख दाखवलं. मी त्या काकांना कागदावर एक आडवी रेघ काढून दिली आणि तिच्या मध्यावर खूण करायला सांगितलं. त्यांनी खूण केली ती मध्यापासून पार उजवीकडे. डाव्या बाजूकडे त्यांचं लक्षच जात नाही. भाऊंचा अंगठा सुन्न आहे, पण भाऊ तो बघू शकतात. काका तिकडे बघणारच नाहीत, नख कितीही लाल असो. मी त्यांना सध्या नाही म्हटलं, उपचार चालू ठेवून तीन महिन्यांनी परत यायला सांगितलं. भाऊंना ते लागलं. जाताना त्यांनी काकांना आपल्या शेजारी खुर्ची दिली आणि पुढची फेरी संपेपर्यंत "लाल" ऐकून सेफ्टीला हो म्हणायचं काम त्यांच्याकडे सोपवलं, मी मागे उभी असताना.